साखळदंड आणि पदन्यास

वेड लागलेल्या माणसापासून समाजाने सर्वांत आधी काही हिरावून घेतले असेल, तर ते त्याचे हिंडणेफिरणे. गोठ्यातला खांब, माडीवरची बंद खोली, देवस्थानाच्या ओसरीतील लोखंडी कडी, इस्पितळाची उंच भिंत, अशी ठिकाणे बदलत गेली. औषधेही बदलली. परंतु बुद्धी बिघडलेल्या माणसाला एका जागी जखडून ठेवावे, ही समजूत शतकानुशतके टिकून राहिली. आज ज्या उपचाराला नृत्योपचार किंवा हालचाल-उपचार असे नाव मिळाले आहे, त्याच्या इतिहासाकडे मी याच दृष्टीने पाहतो. हिरावून घेतलेली हालचाल रोग्याला परत देण्याचा तो इतिहास आहे. तो सरळ रेषेत चाललेला नाही. त्यात भाबडेपणा आहे, क्रूरपणा आहे आणि काही थोड्या माणसांची असामान्य सहृदयताही आहे.

मनाचे दुखणे शरीरातून बोलते, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाईट बातमी आली की आपले हातपाय गळतात, छातीत धस्स होते, पोटात गोळा उठतो. अपमानित माणूस मान खाली घालतो, भ्यालेला अंग चोरतो, निराश झालेल्याचे पाऊल उचलत नाही. उलट आनंद झाला की तो पोटात मावत नाही आणि माणूस नाचू लागतो. हे वाक्प्रचार कोणा वैद्याने घडविलेले नाहीत. माणसांनी माणसांकडे पाहून ते घडविले. मग प्रश्न असा उभा राहतो की, मन खचले म्हणजे शरीर खचते, तर शरीराला हळूहळू उभे केल्याने मनही थोडे उभे राहील काय? नृत्योपचाराचा सारा विचार या एका प्रश्नावर उभा आहे.

परंतु नाचणे म्हणजे औषधच, असे मानण्यापूर्वी इतिहासातील एक विलक्षण प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. १५१८ सालच्या जुलै महिन्यात स्ट्रासबुर्ग शहरात एक बाई रस्त्यात नाचू लागली. तिला थांबता येईना. दिवसांमागून दिवस गेले, आणि तिच्यासारखी आणखी अनेक माणसे नाचू लागली. त्यांच्या पायांना जखमा झाल्या, तरी पाय थांबत नव्हते. नगरपालिकेने वैद्यांचा सल्ला घेतला. रक्त तापल्यामुळे हे झाले आहे, तेव्हा यांना मनसोक्त नाचू द्यावे, असे ठरले. सभागृहे मोकळी करून देण्यात आली, वाजंत्री बोलाविण्यात आले. परिणाम उलटाच झाला; नाचणाऱ्यांची संख्या वाढत चालली. शेवटी वाद्ये बंद करण्यात आली आणि रोग्यांना साव्हेर्नजवळील संत व्हायटस यांच्या तीर्थस्थानी नेण्यात आले. हे संत नाचाच्या या व्याधीचे निवारण करतात, अशी त्या काळच्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा होती. तेथे साथ ओसरली. लागोपाठची नापिकी, उपासमार आणि रोगराई यांनी गांजलेल्या लोकांच्या मनाचा तो उद्रेक होता, असे पुष्कळ इतिहासकार आज मानतात.

लक्झेंबर्ग देशातील एश्टरनाख गावी संत विलिब्रॉर्ड यांच्या स्मरणार्थ निघणारी मिरवणूक याच्या अगदी उलट आहे. पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी लोक रुमालांची टोके धरून, रांगेने, एका ठरावीक चालीवर उड्या मारीत चर्चकडे जातात. पूर्वी अपस्मार आणि तत्सम व्याधींनी पीडलेले लोक तीत बरे होण्याच्या आशेने सामील होत. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. स्ट्रासबुर्गच्या नाचाला आरंभ होता, पण अंत नव्हता. एश्टरनाखच्या नाचाला रांग आहे, ताल आहे, शेजाऱ्याचा हात आहे आणि जेथे थांबायचे ते ठिकाणही ठरलेले आहे. माणसाला तारणारी हालचाल आणि माणसाला फरफटत नेणारी हालचाल यांतील फरक या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे वळू या. भोपाळहून नागपूरच्या वाटेवर बैतूल जिल्हा लागतो. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात मराठी बोलणारी वस्ती बरीच आहे. या जिल्ह्यातील मलाजपूर गावी गुरूसाहेब बाबांच्या समाधीपाशी पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते. लोक तिला भुतांची जत्रा म्हणतात. बाधा झाली असे समजून आणलेली माणसे, त्यांत स्त्रिया पुष्कळ, केस मोकळे सोडून घुमतात, किंचाळतात, समाधीभोवती फेऱ्या घालतात. महाराष्ट्रातही अंगात येण्याचा प्रकार नवा नाही. शहाणी माणसे याकडे पाहून नाक मुरडतात. पण नाक मुरडून प्रश्न सुटत नाही. एरवी घरात ज्या सुनेला मान वर करून बोलण्याची मुभा नाही, तिला त्या अंगणात ओरडण्याची, लोळण्याची, सासऱ्यासमोर केस मोकळे सोडण्याची मुभा मिळते. तिच्या अंगात जे येते त्याला लोक भूत म्हणतात. त्यात तिचा कोंडलेला संतापही असतो, हे ओळखण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ विएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या मनोरुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते असे की, पुष्कळदा आजारी असे तो मुलगा किंवा नवरा, आणि घुमत असे ती त्याची आई किंवा बायको. घरच्या माणसाची पीडा आपल्या अंगावर यावी आणि तो मोकळा व्हावा, अशी तिची भावना असे. सेवा करणारीचे दुःख कोणी विचारीत नाही. तिच्या शरीराने ते अशा वाटेने बोलून दाखविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तथापि या जागांची दुसरी बाजू लपविता येत नाही. बाधा उतरविण्याच्या नावाखाली मारझोड होते, उपाशी ठेवले जाते, दोरखंडाने वा साखळीने बांधले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो कायदा महाराष्ट्रात २०१३ साली, त्यांची हत्या झाल्यानंतर, अमलात आला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला बांधणे व मारणे हा त्याने गुन्हा ठरविला. तमिळनाडूतील एरवाडी येथे तर ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे मृत्युमुखी पडली. दारे उघडी असती आणि पाय मोकळे असते, तर त्यांतील कितीतरी वाचली असती.

साखळीचा हा शाप केवळ आपल्याच वाट्याला आला होता असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील वेड्यांची इस्पितळे तुरुंगांहून फारशी निराळी नव्हती. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ साली ज्यां-बाप्तिस्त प्यूसें या व्यवस्थापकाने रोग्यांच्या साखळ्या काढविल्या. पुढे चित्रकारांनी हे श्रेय त्याचे वरिष्ठ, प्रसिद्ध डॉक्टर फिलिप पिनेल यांना दिले. पिनेल यांनी स्वतः मात्र प्यूसेंचे ऋण मान्य केले होते. त्याच सुमारास, १७९६ मध्ये, इंग्लंडमधील यॉर्क शहरी क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी एक आश्रम काढला. तेथे रोग्यांना बागेत काम, फिरणे, चहापान आणि माणुसकीची वागणूक मिळे. साखळी गेली, आणि मोकळ्या झालेल्या हातापायांचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रथमच उभा राहिला.

त्याचे एक उत्तर म्हणजे नाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील इस्पितळांत ठरावीक दिवशी रोग्यांचे नृत्यसमारंभ होऊ लागले. लंडनच्या सेंट ल्यूक इस्पितळात १८५१ सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी असा समारंभ झाला. तो पाहावयास सुप्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स गेले होते. नाताळच्या झाडाभोवती नाचणाऱ्या त्या रोग्यांविषयी त्यांनी पुढच्याच महिन्यात आपल्या साप्ताहिकात लेख लिहिला. एकेकाळी ज्या इस्पितळात रोग्यांना छळणे हाच उपचार समजला जाई, तेथे हा पालट झाला होता. परंतु हा नाच करमणुकीचा होता. तो संपला की रोगी आपापल्या खोलीत परत जात. नाचातून त्यांना काय सांगावयाचे होते, हे कोणी विचारीत नव्हते.

हिंदुस्थानात इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा केला. १९१२ सालचा कायदा त्याच्या पाठोपाठ आला आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तोच चालू राहिला. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. मराठी राज्यकर्त्यांच्या ग्वाल्हेर व इंदूर या दोन राजधान्यांतही अशी रुग्णालये झाली आणि पुढे तीच मध्य प्रदेशाची मुख्य सरकारी मनोरुग्णालये ठरली. या संस्थांनी हजारो निराधारांना आसरा दिला, हे विसरू नये. परंतु तेथे जाणे म्हणजे भिंतीआड जाणे, असेच लोक समजत. 'ठाण्याला पाठविणे' हा तर मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. १९८७ साली मानसिक आरोग्य कायदा झाला आणि २०१७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास या नव्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. प्यूसेंने बिसेत्रमध्ये साखळ्या काढविल्या त्याला तोवर २२० वर्षे झाली होती.

आता नृत्य हा प्रत्यक्ष उपचार केव्हा झाला ते पाहू. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी मॅरियन चेस नावाच्या नर्तकी नृत्याचे वर्ग चालवीत. आपल्याकडे येणाऱ्या काही विद्यार्थिनींना नर्तकी व्हावयाचे नाही, त्या मनाच्या समाधानासाठी येतात, असे त्यांच्या ध्यानी आले. हळूहळू गावातील डॉक्टरही त्यांच्याकडे रोगी पाठवू लागले. १९४२ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, तेथील सेंट एलिझाबेथ या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयाने त्यांना बोलावून घेतले. युद्धातून मन मोडून परतलेल्या सैनिकांनी असली इस्पितळे भरू लागली होती. आज मिळतात तशी गुणकारी औषधे तेव्हा नव्हती. कित्येक रोगी महिनोन् महिने कोणाशी एक शब्दही बोलत नसत.

चेस यांची रीत साधी होती. त्या वॉर्डात जात, संगीत लावीत आणि रोग्यांना वर्तुळात येण्याचे आमंत्रण देत. जो येत नसे त्याच्यावर सक्ती नाही. एखादा रोगी कोपऱ्यात बसून नुसता गुडघा हलवीत असेल, तर त्या त्याच्या समोर बसून तसाच गुडघा हलवीत. आरशात पाहिल्याप्रमाणे त्याची हालचाल त्या आपल्या अंगावर घेत. शब्दांवाचून त्या त्याला सांगत की, तू जे करतो आहेस ते मला दिसले, आणि ते अर्थशून्य नाही. मग त्या हालचालीत किंचित बदल करीत. रोग्याने तो बदल उचलला की दोघांमध्ये एक संभाषण सुरू झाले असे समजावयाचे. १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचार करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद चेस यांच्याकडे आले. १९७० साली त्या वारल्या.

श्रोतेहो, ही रीत ऐकताना आपल्याला काही ओळखीचे वाटले असेल. मंगळागौरीच्या रात्री नव्या सासुरवाशिणी झिम्मा आणि फुगडी खेळत. फुगडीत दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरावयाचे, पाय जुळवावयाचे आणि अंग मागे टाकावयाचे. समोरचीने हात सोडला तर आपण पडू, हे दोघींनाही ठाऊक असते. विश्वास या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला शाळेत कधी शिकविता आली नाही. पंढरीच्या वाटेवरची पावली, शाळेच्या पटांगणातील लेझीम, भोंडल्याचा फेर या सर्वांत वर्तुळ किंवा रांग आहे, सर्वांना झेपणारा ताल आहे, आणि एकटे पडण्याची भीती नाही. या खेळांना कोणी उपचार म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. परंतु उपचाराला लागणारे साहित्य आपल्या घरात पडून होते, एवढे मात्र खरे.

ते साहित्य काम कसे करते, याचा शोध अलीकडे शास्त्रज्ञ घेत आहेत. ब्राझीलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना एकाच वेळी एकसारख्या हालचाली करावयास लावल्या, काहींना निरनिराळ्या. काहींच्या हालचाली दमविणाऱ्या होत्या, काहींच्या बसल्याबसल्या करण्यासारख्या. एकतालाने हालचाल करणाऱ्या मुलांची वेदना सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली आणि त्यांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटू लागली; दमविणाऱ्या हालचालींचाही तसाच स्वतंत्र परिणाम दिसला. म्हणजे श्रमाचा लाभ वेगळा आणि संगतीचा लाभ वेगळा. नाचात हे दोन्ही एकत्र येतात.

न्यूयॉर्क शहरातील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यावरून नृत्यामुळेच स्मृतिभ्रंश टळला असे मात्र सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच नाचत राहिले असतील, असेही संभवते.

येथे थोडे थांबून सावधपणे बोलले पाहिजे. खिन्नतेच्या विकारावर नृत्योपचाराचा किती उपयोग होतो, याची कडक छाननी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केली. तिच्या कसोटीला उतरलेले प्रयोग अवघे ३ निघाले आणि त्यांतील रोगी मिळून १४७. एवढ्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. २०१९ साली जर्मनीतील साबीने कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नृत्य आणि नृत्योपचार यांविषयीचे ४१ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत चिंता आणि खिन्नता कमी झाल्याचे व जीवनाविषयीचे समाधान वाढल्याचे मध्यम प्रतीचे परिणाम दिसले. परंतु प्रयोगाप्रयोगांत अंतर फार होते. म्हणून इतकेच म्हणावे की, ही वाट आशेची आहे, ती औषधोपचाराच्या सोबतीने चालावयाची आहे, आणि तिच्यासाठी डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करणे घातक ठरेल.

हा विचार भोपाळमध्ये बसून करताना एका रात्रीची आठवण टाळता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. झोपेतून उठलेली माणसे वाट फुटेल तिकडे धावत सुटली. धावल्याने श्वास वाढला आणि श्वासाबरोबर विष अधिक आत गेले. जीव वाचविणारी धावच कित्येकांच्या जीवावर उठली. त्या रात्री हजारो शरीरांनी भीतीचा जो धडा घेतला, तो पुढे कित्येक वर्षे पुसला गेला नाही. रात्री दचकून उठणे, गर्दीत घाबरणे, कशातच मन न लागणे, हातापायांत त्राण न उरणे, अशा तक्रारी घेऊन लोक दवाखान्यांत येत. फुप्फुसे आणि डोळे यांच्यावर उपचार चालू होते. परंतु शहरात मनोविकारतज्ज्ञांची सोय जवळजवळ नव्हतीच. १९८५ च्या फेब्रुवारीत लखनौच्या मनोविकारतज्ज्ञांनी वायुपीडित भागांतील दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांची तपासणी केली. पाचव्या हिश्श्याहून अधिक रोग्यांना मनोविकार जडलेला आढळला. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुमारे ५० सामान्य डॉक्टरांना मनाच्या आजारांवर प्राथमिक उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले.

पुढे १९९६ साली पीडितांसाठी सुरू झालेल्या संभावना क्लिनिकने आधुनिक औषधांच्या जोडीला आयुर्वेद आणि योगोपचार यांना स्थान दिले. ज्याची फुप्फुसे विषाने करपली आहेत, त्याला वेगाने नाचता येणार नाही. त्याच्यासाठी श्वासाबरोबर हात सावकाश वर नेणे आणि श्वासाबरोबर खाली आणणे हीच हालचाल. तिचे मोल कमी नाही. ज्या शरीराने त्या रात्री आपल्याला दगा दिला असे वाटते, त्याच शरीराशी पुन्हा ओळख करून घेण्याची ती सुरुवात असते. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००६ साली स्थापन केलेल्या चिंगारी ट्रस्टने पीडित कुटुंबांतील अपंग मुलांना व्यायामोपचार आणि वाचोपचार देण्याचे काम हाती घेतले. यांपैकी कशालाही नृत्योपचार असे नाव नव्हते. पण थिजलेल्या शरीराला हलते करावे, हा आधार तोच होता.

भोपाळशी नृत्याचे दुसरेही एक नाते आहे. मुंबईत १९५२ साली शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप ही संस्था काढली. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. स्वतःला नाचणे अवघड झालेल्या या कलावंताने इतरांच्या शरीरांतून 'रामायण' उभे केले आणि त्यात नर्तकांना लाकडी बाहुल्यांसारखे हालविले. १९५४ साली ते वारले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी संस्था जगविली. ती पुढे ग्वाल्हेरला गेली आणि नंतर भोपाळला येऊन स्थिरावली. गुल बर्धन २०१० साली भोपाळमध्येच निवर्तल्या. ही थोर कला होय. परंतु कला आणि उपचार यांची गल्लत करू नये. कलेचे तोंड पाहणाऱ्याकडे असते. तेथे पाऊल चुकून चालत नाही. उपचाराचे तोंड हालचाल करणाऱ्याच्या स्वतःच्या मनाकडे असते. 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीला तेथे वाव नाही, कारण अंगण वाकडे असले तरी चालते आणि नाचता न आले तरी चालते.

भारतात या उपचाराला आता काही घरे मिळाली आहेत. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली 'संवेद' ही संस्था स्थापन केली आणि देहविक्रयाच्या नरकातून सुटलेल्या मुलींसाठी नृत्योपचाराची पद्धती घडविली. ज्या शरीराची लाज वाटावी असे इतरांनी केले, तेच शरीर आपले स्वतःचे आहे, हे त्या मुलींना हालचालीतून पुन्हा उमजावे, असा त्यामागील विचार. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 'संवेद'च्या सहकार्याने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रमही चालविला. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने वस्त्यांमधील कामात कलोपचारांचा उपयोग केला. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले.

ही कामे मोलाची आहेत, पण गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. पाहणीतील १२ राज्यांत मध्य प्रदेशही होता. त्याहून गंभीर गोष्ट ही की, निरनिराळ्या विकारांच्या रोग्यांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचारच मिळत नव्हते. २०२२ पासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ल्याची सोय केली आहे. संकोच न बाळगता तिचा लाभ घ्यावा.

शिक्षक या नात्याने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच बसविला जातो, तेव्हा आपण चपळ मुले निवडतो आणि उरलेल्यांना खुर्च्यांवर बसवितो. कवायतीचा तास तर परीक्षा जवळ आली की गणिताच्या पोटात जातो. वर्गातील जे मूल गप्प झाले आहे, ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, ज्याला निकालाची धास्ती आहे, ते नेमके त्या खुर्चीवर बसलेले असते. त्याला आपण उपदेश करतो. उपदेश करण्यापूर्वी त्याला दहा मिनिटे चार जणांच्या फेरात उभे केले, कोणी त्याच्याकडे परीक्षकाच्या नजरेने पाहिले नाही, आणि नको असेल तेव्हा बाजूला होण्याची मोकळीक दिली, तर त्याला उपचार म्हणता येणार नाही. पण त्या मुलाला खुर्चीत जखडून ठेवण्याची आपली जुनी सवय तेवढ्यापुरती तरी सुटेल.

आजही एखाद्या गावात कोणी खांबाला बांधलेला असेल. त्याला पाहून घरच्यांना दोष देणे सोपे आहे. बहुधा तेही थकलेले आणि एकाकी असतात. त्यांना जवळच्या जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाची वाट दाखवावी, पहिल्या खेपेस सोबत जावे, आणि औषधाने रोगी शांत झाला म्हणजे त्याला रोज संध्याकाळी धरून अंगणात चार पावले चालवावे. त्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून चालावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.